महाराष्ट्रातल्या घाऊक व्यापारातला रोजगार नेमका मोजायचा कसा?

तागडी
घाऊक व्यापारात माणसं वाढतायत की घटतायत, या साध्या प्रश्नाला तीन ठिकाणी तीन उत्तरं मिळतात. भविष्य निर्वाह निधीच्या मासिक आकड्यांत 'ट्रेडिंग – कमर्शियल एस्टॅब्लिशमेंट्स' या गटात नवे सभासद येताना दिसतात. मार्केट यार्डातले आडते सांगतात की गाळ्यावर पूर्वीइतके दिवाणजी आणि हमाल लागत नाहीत. श्रमबल सर्वेक्षणाच्या (पीएलएफएस) अहवालात घाऊक व्यापार सहजी सुटा सापडत नाही, 'व्यापार, हॉटेल, उपाहारगृहे' अशा मोठ्या गठ्ठ्यात तो बांधलेला असतो.

मला २०१७-१८ पासूनची राज्याची मालिका उभी करायची आहे. फक्त शेतमाल नको. काळबादेवीचं कापड, कळंबोलीचं लोखंड, लोहार चाळीतला इलेक्ट्रिकल माल, औषधांचे स्टॉकिस्ट, नागपूरचं गांधीबाग, सगळंच त्यात यायला हवं.

प्रश्न तीन आहेत. पाया म्हणून कोणता स्रोत धरायचा? हमाल-मापाडी घाऊक व्यापारात मोजायचे की नाही? आणि एका वर्षात दिसलेला बदल खरा की नमुन्याचा चढउतार, हे कसं ठरवायचं? भविष्य निर्वाह निधीचे आकडे पाया म्हणून घेऊ नयेत, असं माझं मत आहे. पण त्यांच्या जागी काय, ते जाणकारांनी सांगावं.

गुणक
पाया पीएलएफएसचाच, पण छापील अहवालाचा नव्हे. सांख्यिकी मंत्रालयाच्या मायक्रोडेटा संकेतस्थळावर व्यक्तिनिहाय फायली मोफत मिळतात, त्यातून काढायचं. पद्धत अशी:

पहिल्या भेटीची व्यक्तींची फाइल घ्या. पुनर्भेटीची फाइल त्यात मिसळू नका, २०२४ पर्यंतच्या जुन्या रचनेत ती फक्त शहरी घरांची असते. राज्य संकेतांक २७. मुख्य कामाची स्थिती ११ ते ५१ असेल ते कामगार: ११ स्वयंरोजगारी, १२ माणसं ठेवणारा मालक, २१ घरच्या धंद्यात बिनपगारी मदत करणारा, ३१ नियमित पगारी, ४१ आणि ५१ रोजंदारी. ज्यांची मुख्य स्थिती यात बसत नाही त्यांची दुय्यम स्थिती तपासा. नाहीतर फक्त हंगामात गाळ्यावर बसणारे विद्यार्थी आणि गृहिणी गळतात. मग उद्योग संकेतांक बघा. एनआयसी-२००८ या राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणात विभाग ४६ म्हणजे घाऊक व्यापार. ४५ वाहनांचा व्यापार व दुरुस्ती, ४७ किरकोळ.

भारांकाशी, म्हणजे नमुन्यातला एक माणूस किती माणसांच्या जागी धरायचा त्या आकड्याशी, चूक हमखास होते. फाइलमधला गुणक शंभरपट लिहिलेला असतो. एनएसएस आणि एनएससी हे दोन स्तंभ सारखे असतील तर १०० ने भागायचं, वेगळे असतील तर २०० ने. चार तिमाह्या एकत्र घेत असाल तर पुन्हा तिमाह्यांच्या संख्येने. ताळा सोपा आहे: सगळ्या वयाच्या माणसांच्या भारांकांची बेरीज करा. २०११ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या ११.२४ कोटी होती. बेरीज चाळीस कोटींच्या पुढे गेली तर तिमाहीचा भागाकार विसरला आहात. ११ कोटींच्या आसपास किंवा थोडी खाली आली तर गणित बरोबर आहे, कारण सर्वेक्षणाची बेरीज लोकसंख्येपेक्षा कमीच भरते. म्हणून थेट बेरीज छापू नका. कामगारांतला घाऊकचा वाटा काढा आणि तो तज्ज्ञ गटाच्या २०११–२०३६ लोकसंख्या अंदाजावर बसवा. ग्रामीण-शहरी आणि स्त्री-पुरुष असे चारही तुकडे वेगवेगळे बसवून मग बेरीज करायची.

आणखी एक. पाच अंकी संकेतांक फक्त 'नेहमीच्या स्थिती'साठी, म्हणजे गेल्या वर्षभरातल्या कामासाठी, असतो. 'चालू आठवड्या'साठी दोनच अंक मिळतात. म्हणजे आडते (गट ४६१) आणि किराण्याचे घाऊक व्यापारी (४६३) असा भेद हवा असेल तर नेहमीची स्थितीच घ्यावी लागेल.

शिवनेर
वाचनखूण साठवली. तो २०० चा भागाकार कुठेही इतका स्पष्ट वाचला नव्हता.

दाणाबंदर
दुसऱ्या प्रश्नावर बोलतो. महाराष्ट्रात घाऊक बाजार म्हटला की माथाडी आलाच. १९६९ चा माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा आपल्या राज्याचा. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून तो आला. मुंबईत किराणा बाजार, भाजीपाला बाजार, कापड बाजार, लोखंड-पोलाद अशी वेगवेगळी मंडळं आहेत. हमाल टोळीत काम करतो, टोळीला मुकादम असतो. व्यापारी हमाली आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरतो आणि मंडळ कामगाराच्या खात्यात पैसे टाकतं. लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, बोनस, रजा, दवाखाना हे सगळं निघतं.

आता मोजणीची गोम बघा. हा माणूस एका व्यापाऱ्याचा नोकर नसतो. टोळी दहा गाळ्यांचा माल उतरवते. म्हणून प्रगणक त्याला ४६ मध्ये न टाकता ५२२४, म्हणजे मालाची चढउतार, यात टाकतो. नियमाने तेच बरोबर आहे. पण मग वाशीतल्या पाच बाजारांतले, म्हणजे कांदा-बटाटा, मसाला, दाणाबंदर, फळं आणि भाजी इथले हमाल तुमच्या घाऊक व्यापाराच्या आकड्यात नाहीतच. ज्यांच्या पाठीवर बाजार चालतो तेच मोजणीबाहेर.

माझं म्हणणं, ५२२४ जोडल्याशिवाय मालिका करूच नये.

चौकट
@दाणाबंदर, भावना समजते, पण असहमत. ५२२४ मध्ये न्हावाशेवा बंदरातले, रेल्वे मालधक्क्यावरचे, विमानतळाच्या कार्गोतले सगळे येतात. ते जोडले तर बंदरातली वाढ घाऊक व्यापाराची वाढ म्हणून दिसेल. शिवाय मग गुजरात किंवा तामिळनाडूशी तुलना करता येणार नाही, कारण तिथे कोणी ५२२४ जोडत नाही. वर्गीकरण एकदा मान्य केलं की पाळावं.

दाणाबंदर
तुलना हा वेगळा हेतू झाला. तागडी यांनी राज्याची मालिका मागितली आहे.

गुणक
दोघांचंही अर्धं बरोबर आहे. दोन रेषा काढा. 'अरुंद' रेषा म्हणजे फक्त ४६. 'रुंद' रेषा म्हणजे ४६ आणि ५२ (गोदामं आणि वाहतुकीला पूरक कामं) एकत्र. दोन्हींत कधीही बेरीज-वजाबाकी न करता शेजारी शेजारी ठेवा. दोन रेषा एकाच दिशेने गेल्या तर निष्कर्ष भक्कम. फाकल्या तर काम एका संकेतांकातून दुसऱ्यात सरकतंय का, हे शोधायचं.

तिसरा मार्ग व्यवसाय संकेतांकाचा. पीएलएफएसमध्ये एनसीओचे, म्हणजे राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरणाचे, तीन अंक असतात. ९३३ म्हणजे माल वाहणारे, चढवणारे-उतरवणारे, गोदामातले मजूर. हा क्रमांक २००४ आणि २०१५ या दोन्ही एनसीओंत जवळपास त्याच अर्थाने आहे. त्यामुळे मधल्या वर्षांत वर्गीकरण बदललं तरी ही मालिका तुटत नाही. दुकानदार-व्यवस्थापकांच्या संकेतांकांबाबत तसं म्हणता येत नाही, तिथे जपून. उद्योग ४६ आणि व्यवसाय ९३३ असा छेद घेतला की व्यापाऱ्याच्या थेट पगारावरचे हमाल कळतात. ५२२४ आणि ९३३ असा छेद घेतला की टोळीतले आणि बंदरातले. जिल्हावार वाटणी मात्र करू नका, जुन्या रचनेतला नमुना जिल्ह्यासाठी नव्हताच. जानेवारी २०२५ पासूनच्या नव्या रचनेत जिल्हा हा मूळ स्तर केला आहे आणि प्रत्येक नमुना गावात किंवा वस्तीत ८ ऐवजी १२ घरं घेतात. तिथून पुढे काही आशा आहे.

खळ्यावरून
लासलगाव-पिंपळगाव पट्ट्यातल्या कांदा निवडणाऱ्या बायकांना विसरू नका. व्यापारी लिलावात माल घेतो, खळ्यावर आणतो, तिथे बायका आकारानुसार निवडतात, गोण्या भरतात, शिवतात. मजुरी रोजाने किंवा गोणीमागे. हे काम घाऊक व्यापारातच मोडतं, कारण मोठ्या लॉटमध्ये घेतलेल्या मालाची प्रतवारी आणि फोड करणं हा घाऊक व्यापाराच्या व्याख्येचाच भाग आहे. पण बाईला विचारलं तर ती "कांद्यात जाते" म्हणते आणि प्रगणक ०१६३, म्हणजे काढणीनंतरची शेतीकामं, असं लिहून मोकळा होतो. शेतकऱ्याच्या चाळीत निवडणी केली तर ०१६३ बरोबर. व्यापाऱ्याच्या खळ्यावर केली तर ४६३. प्रगणकांच्या प्रशिक्षणात "माल कोणाच्या मालकीचा आहे?" हा एकच प्रश्न शिकवला तरी निम्मा घोळ मिटेल.

आणि आकडेमोडवाल्यांसाठी: शून्याने सुरू होणारे संकेतांक एक्सेलमध्ये उघडले की पुढचं शून्य उडतं. ०१६३२ म्हणजे कापूस जिनिंग. त्याचं १६३२ होतं, आणि पहिले दोन अंक घेतले की जळगाव-यवतमाळचे जिनिंग कामगार लाकडाच्या उद्योगात जाऊन बसतात. स्तंभ मजकूर म्हणूनच वाचायचा, नाहीतर पाच अंक पुरे होईपर्यंत डावीकडे शून्य भरायचं. ४६ च्या मोजणीला याने धक्का बसत नाही. पण एकूण कामगारांचं क्षेत्रवार कोष्टक केलंत की शेती आटलेली आणि कारखानदारी फुगलेली दिसते.

शिवनेर
यवतमाळात अचानक सुतारकाम फोफावलेलं दिसलं तर आता कारण कळेल :)

पावतीपुस्तक
भविष्य निर्वाह निधीच्या आकड्यांबद्दल तागडी यांच्याशी सहमत, पण का, ते नीट सांगायला हवं. हे आकडे २०१८ पासून दरमहा येतात, सप्टेंबर २०१७ पासूनच्या महिन्यांचे. अडचणी:

आस्थापनेत २० माणसं झाली की कायदा लागू होतो. १९ ची पेढी २० ची झाली, रोजगार एकाने वाढला, पण यादीत वीस 'नवे' सभासद दिसतात. दुसरं, राज्य कोणतं हे आस्थापना जिथे विवरण भरते त्यावर ठरतं. मुंबईत मुख्य कार्यालय असलेल्या वितरण कंपनीचे इंदूर-रायपूरचे लोकही महाराष्ट्रात मोजले जाऊ शकतात. तिसरं, त्यांचे उद्योगगट एनआयसीचे नाहीत. 'ट्रेडिंग' गटात घाऊक-किरकोळ एकत्र आहे. ठेकेदारामार्फत गोदामात काम करणारा 'एक्स्पर्ट सर्व्हिसेस' या गटात जातो, आणि सगळ्यात मोठी भर त्याच गटात दिसते. चौथं, योजनांचे फुगवटे. ऑक्टोबर २०२० ते मार्च २०२२ या काळात आत्मनिर्भर भारत रोजगार योजनेखाली नोंदणी चालली. ऑगस्ट २०२५ पासून पंतप्रधान विकसित भारत रोजगार योजना आहे. अशा महिन्यांतली उडी म्हणजे नवा रोजगार की जुन्या कामगाराची नवी नोंद, हे त्या आकड्यांवरून सांगता येत नाही. शिवाय ताज्या महिन्यांचे आकडे तात्पुरते असतात आणि पुढे बदलत राहतात.

मग उपयोग काय? वळण ओळखायला. 'पुन्हा आलेले' आणि 'सोडून गेलेले' हे दोन स्तंभ वेगळे काढा. निव्वळ आकड्यापेक्षा सोडून जाणाऱ्यांचा कल जास्त बोलका असतो.

राज्याकडे अजून एक खजिना आहे, तो म्हणजे व्यवसाय कर. मालक दरमहा पगारातून कापून भरतो, विवरणात पगाराच्या टप्प्यानुसार कर्मचारी येतात. दहाच्या आतली लहान पेढीही त्यात असते. मात्र १ एप्रिल २०२३ पासून दरमहा २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना हा कर नाही. म्हणून २०२३ मध्ये स्त्रियांचा आकडा कोसळलेला दिसला तर त्यावर लेख लिहू नका. मालिका फक्त पुरुषांची करा, त्यातही ७,५०० पेक्षा जास्त पगाराची. उद्योगवार आकडे खुले नसतात, वस्तू व सेवा कर विभागाकडे अर्ज करून मागावे लागतात.

चौकट
आणि उद्यम, म्हणजे केंद्राची सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची नोंदणी? जुलै २०२१ पासून घाऊक-किरकोळ व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी खुली झाली, अर्जात एनआयसी आणि माणसांची संख्या दोन्ही असतात.

पावतीपुस्तक
उद्यमची संख्या मालकाने स्वतः लिहिलेली असते आणि नोंदणी झाली की बहुतेकदा तशीच राहते. पेढी बंद झाली तरी यादीतून आपोआप जात नाही. शिवाय व्यापाऱ्यांना त्यातून मुख्यतः प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जाचा फायदा आहे. म्हणजे कर्ज हवं असलेलेच जास्त नोंदवणार. नोंदणी किती झाली हे बघायला ठीक, रोजगार किती हे बघायला नाही.

पेठेतली पेढी
एएसयूएसईचं नाव अजून कोणी घेतलं नाही, म्हणून विचारते. असंघटित आस्थापनांचं वार्षिक सर्वेक्षण थेट दुकानात जाऊन माणसं मोजतं. घरोघरी विचारण्यापेक्षा ते जास्त भरवशाचं नाही का?

गुणक
@पेठेतली पेढी, मोलाचा मुद्दा. लहान पेढ्यांसाठी त्याला तोड नाही. २०२१-२२, २०२२-२३, २०२३-२४ अशा वार्षिक फेऱ्या झाल्या. जानेवारी २०२५ पासून कॅलेंडर वर्ष आणि तिमाही पत्रिका. आधीचा दुवा म्हणून २०१५-१६ ची ७३ वी फेरी आहे. देशभरात २०२२-२३ मध्ये ६.५० कोटी आस्थापना आणि १०.९६ कोटी कामगार, २०२३-२४ मध्ये ७.३४ कोटी आणि १२.०६ कोटी. कामगारांत राबणारा मालक आणि बिनपगारी घरचे लोकही धरलेले असतात. व्यापारातही माणसं ठेवणारी आस्थापना आणि स्वतःच चालवलेली, असा भेद मिळतो. पेढीवरचा पगारी माणूस घटतोय की मालकच एकटा उरतोय, हे यातूनच कळतं.

पण सापळा एक आहे आणि तो घाऊक व्यापारात सगळ्यात खोल आहे. कंपन्या आणि एलएलपी (मर्यादित दायित्वाच्या भागीदारी पेढ्या) या सर्वेक्षणाबाहेर. किरकोळ दुकान सहसा प्रोप्रायटरी राहतं. घाऊक पेढी मोठी झाली, वस्तू-सेवा कराचा व्याप वाढला, बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा वाढवायची झाली, की ती प्रायव्हेट लिमिटेड होते. त्या दिवशी तिचे पंचवीस कामगार एएसयूएसईमधून नाहीसे होतात, आणि बहुधा भविष्य निर्वाह निधीत 'नवे' म्हणून उगवतात. प्रत्यक्षात गाळा तोच, तराजू तोच, माणसं तीच. एक आकडा पडतो, दुसरा चढतो. तागडी यांच्या पहिल्या परिच्छेदातली विसंगती बरीचशी इथून येते, असं मला वाटतं.

अजून एक फरक ध्यानात ठेवा. पीएलएफएस माणसाला तो राहतो तिथे मोजतं, एएसयूएसई तो काम करतो तिथे. कल्याणहून वाशीला जाणारा दोन्हींत ठाणे जिल्ह्यातच येतो, पण पनवेलहून वाशीला येणारा एकात रायगडचा आणि दुसऱ्यात ठाण्याचा. राज्य पातळीवर हा फरक विरतो, जिल्हा पातळीवर नाही.

दाणाबंदर
आणि गाळ्यातच झोपणारे? बाजारातल्या गाळ्यांच्या माळ्यावर रात्र काढणारे कितीतरी हमाल आहेत. घरांच्या यादीत तो माळा 'दुकान' म्हणून लिहिला गेला की तिथली माणसं पीएलएफएसच्या हाती लागत नाहीत. माथाडी मंडळाच्या यादीत मात्र नोंदीत कामगार सापडतो.

मापाडी
मंडळाचे आकडे वापरायचे असतील तर दोन इशारे.

पहिला: लेव्हीची रक्कम वाढली म्हणजे काम वाढलं असं नव्हे. दरवाढीचा करार झाला की हमाली आणि तिच्यासोबत लेव्ही उडी मारते. करारातला दर आणि लागू झाल्याची तारीख काढा, रक्कम त्या दराने भागा, म्हणजे नग येतील.

दुसरा: नग म्हणजे टन नव्हेत. पूर्वी शंभर किलोची गोणी होती, मग पन्नासची मर्यादा आली. त्याच टनाला दुप्पट नग. मर्यादा पाळली जाऊ लागली त्या काळात नगांची मालिका तुटते. म्हणून जिन्नसवार वजन लावून टनात आणा, आणि मगच टनामागे किती माणूस-दिवस पडले ते बघा. कामगार किती हे विचारताना 'नोंदीत' आणि 'त्या महिन्यात हजेरी लागलेले' हे दोन वेगळे आकडे मागा. नोंदीत संख्या हळू हलते. काम आटल्याचं आधी हजेरीत दिसतं.

चौकट
टनांसाठी कृषी पणन मंडळाची बाजारवार आवक घेता येईल. ती रोज मिळते.

खळ्यावरून
धान्य-कडधान्याला काही प्रमाणात चालेल, फळं-भाज्यांना नाही. जुलै २०१६ मध्ये राज्याने फळं-भाजीपाला नियमनमुक्त केला. बाजार समितीच्या आवाराबाहेर झालेला सौदा आवकेत येत नाही. त्यानंतर आवक घटली म्हणजे व्यापार घटला असा अर्थ लावला तर साफ चुकेल. तो थेट खरेदीकडे, आवाराबाहेरच्या पत्र्याच्या शेडकडे सरकलेला असू शकतो, आणि तिथेही हमाल लागतोच, फक्त तो बहुधा मंडळात नोंदलेला नसतो. म्हणजे चांगल्या कामाच्या जागी वाईट काम आलं, हे कोणत्याच सरळ आकड्यात दिसत नाही. पीएलएफएसमध्ये ५१ संकेतांकाचा वाटा, लेखी करार आहे का, सामाजिक सुरक्षा मिळते का, हे स्तंभ आहेत. नुसती डोकी मोजू नका, तेही काढा.

शिवनेर
अवांतर: रुमालाखाली बोटं दाबून होणारा 'हत्ता' पद्धतीचा सौदा बंद होऊन उघडा लिलाव आला, त्याने माणसं कमी झाली का?

मापाडी
सौद्याच्या पद्धतीने नाही. उघड्या लिलावाला उलट समितीचा लिलाव कारकून लागतो. माणसं कमी झाली ती काट्यामुळे. इलेक्ट्रॉनिक भुईकाटा आला, ट्रॅक्टर भरलेला आणि रिकामा असा दोनदा तोलला की झालं. गोणीगोणी तोलणाऱ्या मापाड्याचं काम गेलं. तोलाई कोणी कोणाला द्यायची, यावरून म्हणूनच वाद होतात.

भिवंडी_नाका
अजून एक सरकण आहे आणि माझ्या मते हमालांच्या प्रश्नापेक्षा ती मोठी आहे. जुलै २०१७ पूर्वी कंपन्या राज्याराज्यांत डेपो ठेवत, कारण आंतरराज्य विक्रीवर केंद्रीय विक्रीकर लागे आणि शाखेला पाठवलेल्या मालावर तो लागत नसे. जीएसटीनंतर ते कारण गेलं. छोटे डेपो मिटवून मोठी गोदामं झाली, आणि आपल्याकडे ती मानकोली, पूर्णा, राहनाळ, दापोडे, वळ या भिवंडीच्या पट्ट्यात उभी राहिली. वितरकाचं स्वतःचं गोदाम असेल तर तिथला माणूस ४६ मध्ये. तेच काम त्रयस्थ लॉजिस्टिक्स कंपनीला दिलं तर ५२ मध्ये. ठेकेदाराने माणूस पुरवला तर तो विभाग ७८ मध्येही जाऊ शकतो. खोका तोच, रॅक तोच, संकेतांक तीन.

विक्रीच्या बाजूला बघा. दुकानोदुकानी ऑर्डर घेणारा वितरकाचा सेल्समन हा घाऊक व्यापाराचा कणा. आता किराणा दुकानदार मोबाइलवर ऑर्डर टाकतो, साखळी दुकानं थेट कंपनीकडून घेतात, दहा मिनिटांत माल पोचवणाऱ्या कंपन्या स्वतःची गोदामं चालवतात. घाऊक व्यापार इंटरनेटवर झाला तरी संकेतांक ४६ च राहतो, इंटरनेटचा वेगळा वर्ग किरकोळीत आहे. पण दहा मिनिटांवाल्यांची शहरातली ती गोदामं ('डार्क स्टोअर') थेट गिऱ्हाइकाला विकतात, म्हणून ४७ किंवा ५२ कडे जातात.

म्हणून 'रुंद' रेषेच्या मुद्द्यावर मी गुणक यांच्या बाजूने. ४६ एकटा पडला तर "घाऊक व्यापार मेला" असं म्हणण्याआधी ५२ बघा.

चौकट
हे पटलं. ५२२४ ला माझा विरोध कायम, पण पूर्ण ५२ वेगळी रेषा म्हणून शेजारी ठेवायला हरकत नाही.

पेठेतली पेढी
तिसरा प्रश्न राहिलाच की. एका वर्षाचा बदल खरा की खोटा?

गुणक
हो. उदाहरण घेऊन सांगतो, आकडे समजुतीपुरते. समजा नमुन्यात राज्याचे १०,००० कामगार आहेत आणि त्यांतले २ टक्के घाऊक व्यापारात. घरं आणि गावं गठ्ठ्याने निवडलेली असल्यामुळे चूक साध्या यादृच्छिक नमुन्यापेक्षा जास्त असते, म्हणून विचरण (स्टँडर्ड एररचा वर्ग) दुप्पट धरा. स्टँडर्ड एरर, म्हणजे निव्वळ नमुन्यामुळे अंदाज साधारण किती हलतो ते, येते सुमारे ०.२ टक्केबिंदू. दोन वर्षांतल्या फरकाची ०.२८. ९५ टक्के खात्रीसाठी फरक ०.५५ टक्केबिंदूंहून मोठा हवा. म्हणजे २ वरून २.५५ झालं तरच "वाढला" म्हणायचं. रोजगार जवळजवळ २७ टक्क्यांनी वाढल्याशिवाय एका वर्षात काही सिद्ध होत नाही! तीन-तीन वर्षं एकत्र केली तर हीच मर्यादा ०.३२ वर येते. घाऊकसाठी वार्षिक रेषा काढण्यात म्हणूनच अर्थ नाही. तीन वर्षांचे गट करा.

प्रत्यक्ष चूक काढायला फाइलमध्ये दोन उपनमुने असतात. प्रत्येक स्तरात दोन उपनमुन्यांचे अंदाज काढा, फरकाचा वर्ग करा, चाराने भागा, सगळ्या स्तरांची बेरीज म्हणजे विचरण. एक दिवसाचं काम आहे, टाळू नका.

गट पाडताना २०१९-२० ची शेवटची तिमाही, एप्रिल ते जून २०२०, टाळेबंदीची आहे हे लक्षात ठेवा. ते वर्ष २०१७-१८ आणि २०१८-१९ शी जोडलं तर पहिला गट विनाकारण खाली येतो. तिकडच्या टोकाला, २०२५ पासून रचना, नमुना आणि वर्षाची व्याख्या सगळं बदललं आहे. रेषेत तिथे फट सोडा, जोडू नका.

तागडी
सर्वांचे मनापासून आभार. इतकं तपशिलात मिळेल असं वाटलं नव्हतं. आता असं ठरवते:

मुख्य कोष्टक पीएलएफएसच्या नेहमीच्या स्थितीवर. पहिला गट २०१७-१८ आणि २०१८-१९. मधली २०१९-२० आणि २०२०-२१ ही वर्षं वेगळी, करड्या रंगात. पुढचा गट २०२१-२२ ते २०२३-२४. रेषा दोन: ४६, आणि ४६ अधिक ५२. ९३३ चा छेद तळटीपेत. प्रत्येक खान्यात उपनमुन्यांवरून काढलेली चूक. दुसरं कोष्टक एएसयूएसईचं, माणसं ठेवणाऱ्या आणि न ठेवणाऱ्या पेढ्यांचं, आणि वर ठळक सूचना की कंपन्या यात नाहीत. भविष्य निर्वाह निधीतून फक्त सोडून जाणाऱ्यांचा आलेख. माथाडी मंडळाकडून हजेरी आणि दरकराराच्या तारखा मागवते. कांदा निवडणाऱ्या बायकांसाठी ०१६३ मधल्या रोजंदारी स्त्रियांचा आकडा वेगळा, 'कदाचित घाऊक' या नावाखाली.

आर्थिक गणनेचा आधार घेता येईल का?

चौकट
सहावी २०१३-१४ ची आहे, तीन अंकी संकेतांक आहेत, पायाभूत चित्र म्हणून घ्या. सातव्या गणनेचे निकाल प्रसिद्ध झालेले नाहीत, तिची वाट बघू नका.

गुणक
तागडी, एक दुरुस्ती. पहिला गट दोन वर्षांचा आणि दुसरा तीन वर्षांचा असेल तर नमुन्याच्या चुकीची मर्यादा दोन्हींकडे सारखी धरू नका, पहिल्याची मोठी राहील. वर्षं एकत्र करताना प्रत्येक वर्षाचा वाटा आधी काढा आणि मग सरासरी घ्या. सगळ्या फायली एकाखाली एक चिकटवून एकदम भारांक लावला तर ज्या वर्षी बेरीज जास्त भरली त्या वर्षाला जास्त वजन मिळतं.

मापाडी
आणि मंडळाला अर्ज लिहिताना "कामगार संख्या" असं मोघम मागू नका, नोंदीत संख्या पाठवतील. "मासिक वाटप पत्रकानुसार मजुरी मिळालेले कामगार, टोळीवार" असे शब्द वापरा. महिना एप्रिल आणि ऑक्टोबर असे दोन्ही घ्या. एप्रिलमध्ये आंबा आणि नवं धान्य असतं, ऑक्टोबरमध्ये दिवाळीचा किराणा. एकच महिना घेतला तर हंगामच मोजला जाईल.

तागडी
अर्जात हेच शब्द घालते. पहिलं कोष्टक तयार झालं की याच धाग्यावर टाकेन, भारांकांच्या बेरजेसकट.